रिपोर्ट बुकात न मावलेलं

सरकारी रुग्णालयात नाइट ड्युटीच्या सिस्टरला रात्रभर लिहावं लागतं. टेंपरेचर, पल्स, बीपी, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, डॉक्टरांना कॉल कधी केला, ते कधी आले. पेशंट दगावला तर तेही लिहायचं: वेळ, शेवटचे उपचार, डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले, नातेवाइकांना कळवले. चार-पाच ओळी. सकाळी हँडओव्हर देताना त्या वाचून दाखवायच्या, सही करायची आणि घरी यायचं. तीस-पस्तीस वर्षं मी हे लेखन केलं. त्यात मन घालायचं नसतं आणि ते बरोबरच आहे, कारण पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची अवस्था कळायला हवी, माझी नव्हे.

माझी अवस्था मात्र माझ्याबरोबर घरी यायची. वीस-बावीस वर्षांचा मुलगा डोळ्यांदेखत जातो, त्याची आई कॉरिडॉरमधल्या बाकड्यावरून उठत नाही, आणि आपण बस पकडून घरी येऊन पोळ्या लाटायला बसतो. सिस्टर, वॉर्डबॉय, आयसीयूच्या दाराशी दिवसरात्र बसलेले नातेवाईक, या सगळ्यांना हे ओझं चांगलं ठाऊक असतं. नोकरीच्या मधल्या काळात कधीतरी मी घरी एक साधी वही ठेवली आणि रिपोर्ट बुकात न मावलेलं तिच्यात लिहू लागले. निवृत्तीनंतर पुण्यात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आम्ही काही जण याच कामासाठी बसतो. येणारे बहुतेक जण घरात कुणाचं तरी मोठं आजारपण काढलेले किंवा काढत असलेले. साहित्यिक कुणी नाही. लिहिल्यानं माणसाच्या मनाला नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे वाचून आणि पाहून मला जेवढं समजलं तेवढं इथं सांगते.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं काम जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं. सँड्रा बील या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या ४६ मुलामुलींना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले. बाकीच्यांना सांगितलं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवावर लिहा. यांचेही तीन गट केले. एका गटानं घडलं तेवढंच लिहायचं, दुसऱ्यानं फक्त वाटलं ते, तिसऱ्यानं घडलं ते आणि वाटलं तेही. पुढच्या सहा महिन्यांत ही मुलं आजारपणासाठी कॉलेजच्या दवाखान्यात किती वेळा गेली, याची नोंद पाहिली. घटना आणि भावना एकत्र लिहिणाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना तो फायदा दिसला नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रिपोर्ट बुकांची चळत आली. घडलं ते आम्ही रात्रभर लिहीत होतो, त्यामुळं आम्हाला हलकं का वाटत नव्हतं याचं उत्तर तिथं होतं.

या प्रयोगातली दुसरी गोष्ट शनिवारी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगून ठेवते. ती मुलं लिहून उठली तेव्हा त्यांना बरं वाटत नव्हतं. उलट ती जास्त उदास झाली होती. बरं वाटलं ते नंतर. मन मोकळं केलं की लगेच हलकं वाटतं, अशी आपली समजूत असते, म्हणून पहिल्या दिवशी लिहिताना रडू आलं की माणूस वही मिटतो आणि म्हणतो, हे आपल्याला मानवत नाही. जखमेचं ड्रेसिंग बदलताना दुखतंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत धीर धरायला हवा.

पुढं पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी लिहिलेली पानं संगणकावर घालून त्यांतले शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक बदल होत गेलेला दिसला: कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले होते. आपल्याकडचे म्हणायचे तर 'म्हणून', 'कारण', 'लक्षात आलं', 'आता कळतं'. पहिल्याच दिवशी सगळं नीट लावून लिहिणाऱ्यांपेक्षा, विस्कटलेल्या लेखनातून हळूहळू सुसंगत गोष्टीकडं जाणाऱ्यांना जास्त लाभ झाला होता.

आमच्यातल्या एका ताईंची पानं मी पाहिली आहेत. त्यांनी स्वतःहून दाखवली, आणि नाव न घेता सांगायला त्यांची हरकत नाही. यजमानांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. पहिल्या दिवशीच्या दोन पानांत जाऊ होती, नणंद होती, विम्याचा माणूस होता, जास्त पैसे मागणारा रिक्षावाला होता, आणि दर तिसऱ्या ओळीला 'मीच का'. वाक्यं अर्धी सुटलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच सकाळ लिहिली. यजमान ओट्यापाशी आले, काहीतरी बोलले, शब्द जड आणि वाकडे येत होते. या म्हणाल्या, आधी चहा घ्या, मग बोला. हातातून कप निसटला तेव्हा कुठं यांना शंका आली. तिसऱ्या दिवशी बांगड्या बँकेत ठेवून कर्ज काढल्याचं. चौथ्या दिवशी पुन्हा तीच सकाळ आली, पण या वेळी वाक्य असं होतं: मी त्यांना आधी चहा घ्या म्हणाले, कारण बोलणं जड होणं म्हणजे काय असतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या 'कारण'पर्यंत पोचायला त्यांना चार दिवस लागले. वर्षभर मनात फिरत होतं ते 'माझ्यामुळं उशीर झाला' एवढंच. मी शंभरदा सांगितलं असतं की ताई, तुमचा दोष नाही, तर त्यांनी मान हलवली असती. स्वतःच्या अक्षरात उतरलेलं त्यांना पटलं. त्यानंतर त्यांनी एक काम केलं: त्यांच्या सोसायटीच्या फलकावर अर्धांगवायूची लक्षणं लिहून लावली. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं जड, की घड्याळ पाहायचं आणि तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

लिहायला बसवताना मी नर्सिंगमधलीच एक सवय वापरते. पेशंटला 'काय होतंय' विचारलं की तो म्हणतो, 'कसंतरीच होतंय.' त्यावर थांबून चालत नाही. कुठं दुखतं, बोटानं दाखवा. कधीपासून? ठणकतंय की टोचतंय? शून्य ते दहामध्ये किती? कशानं वाढतं, कशानं कमी होतं? मनाच्या दुखण्यालाही मी हेच प्रश्न विचारायला सांगते. 'कसंतरी' म्हणजे राग आहे का? कुणाचा? भीती आहे? पैशाची, एकटं पडण्याची, की फोन वाजण्याची? बरेच जण 'दुःख' असं लिहून सुरुवात करतात आणि पानाच्या शेवटी कळतं की तो संताप आहे, किंवा निव्वळ झोप न मिळाल्याचा शीण आहे. शीण असेल तर त्यावर उपाय वेगळा: रात्री पाळीपाळीनं कुणीतरी बसायचं.

नाव देण्यानं काय होतं, याचा पुरावा मेंदूच्या चित्रांतही सापडतो. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की रागावलेले, घाबरलेले चेहरे नुसते पाहण्यापेक्षा त्या भावनेला शब्दात नाव दिलं तर अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची सक्रियता कमी होते, आणि कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागातला एक हिस्सा जास्त काम करू लागतो.

आता कवितेकडं येते. कविता म्हटलं की आमच्याकडं येणारे घाबरतात. माझ्या आईला तर अक्षरओळखसुद्धा नव्हती. मुळशीकडच्या डोंगरातली ती. पहाटे अंधारात जात्यावर बसायची. समोर शेजारची काकू, खुंट्यावर दोघींचे हात, आई मुठीनं नाचणीची वैरण घालणार, आणि दगडाची घरघर सुरू झाली की पाठोपाठ ओवी. माझी धाकटी बहीण गोवरात गेली. आई दिवसा तिचं नाव घेत नसे, आमच्यासमोर कधी रडली नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस जात्यावर सीताच यायची. वनात एकटी पडलेली सीता, तान्ह्या बाळाला जोजवायला पाळणा नसलेली सीता. मी गोधडीत पडून ऐकायचे. पीठ भरून झालं, जातं थांबलं की आई उठून चुलीला लागायची आणि तिचा आवाज नेहमीचा असायचा.

हे माझ्या एकटीच्या आईचं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्याजवळच्या डोंगराळ गावांतून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं हे काम आता 'पारी' या पत्रकारितेच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतं. भाऊ, माहेर, लेक, सासुरवास, गरिबी आणि सीता या ओव्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतात. घरात ज्या गोष्टी उघड बोलायची सोय नव्हती त्या तिथं बोलल्या गेल्या, कारण ओवीत बोलणारी मी नसते, सीता असते. ऐकणारी सासूही त्यावर काही म्हणू शकत नाही.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांनी याच्या जवळ जाणारी गोष्ट प्रयोगांतून मांडली आहे. आपल्या त्रासाचा विचार 'मी, मला, माझं' करत करण्याऐवजी स्वतःला नावानं हाक मारून, जरा लांबून पाहिल्यासारखा केला, तर माणूस त्यात कमी गुरफटतो. त्यांचे हे निष्कर्ष २०१४ च्या सुमारास गाजले. आमच्या बायका ते जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्यात आणखी दोन गोष्टी होत्या ज्या वहीत मिळत नाहीत: हातांना लयीचं काम आणि समोर ऐकणारी सखी. जातं गेलं याचं मला दुःख नाही, त्या दळणानं आईचे खांदे कायमचे दुखत राहिले. पण पिठाच्या गिरणीनं दळण उचललं तेव्हा बायकांच्या मनाची ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा आपण दिलेली नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्म, लिहितावाचता येत नाही, तरुणपणीच वैधव्य, पदरात मुलं, शेतीचं काम. त्यांनी रचलेली गाणी मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं टिपून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. म्हणजे आयुष्यभर त्यांनी जे रचलं ते वाचकांसाठी नव्हतं, प्रसिद्धीसाठी तर अजिबात नव्हतं. विहीर, मोट, चूल, सुगरणीचा खोपा, हातातलं काम आणि मनातला विचार यांना एकत्र धरण्यासाठी ते होतं. कविता छापून येण्याआधीच, रचतानाच तिचं काम करून जाते, हे ज्याला पटेल त्याची भीती कमी होते.

आमच्या शनिवारी मी लोकांना मुक्तपणे लिहून झाल्यावर एक ठरलेला साचा देते: मोठ्या अभंगाचा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. बावीस अक्षरं, बस्स. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत, पत्नी कॅन्सरनं गेल्या. त्यांनी पहिल्यांदा लिहिलं ते 'तिची आठवण येते' या धर्तीचं होतं. खरं होतं, पण कुणाचंही असू शकलं असतं. मग ते बोटांवर अक्षरं मोजायला लागले. 'आठवण' खोडलं, 'विरह' लिहिलं, तेही खोडलं. मी विचारलं, काका, सकाळी उठल्यावर पहिली कुठली वस्तू दिसते? ते गप्प झाले. बराच वेळ खिडकीकडं पाहून मग म्हणाले, चष्मा. तिचा चष्मा अजून उशाशीच आहे, हलवला नाही. आणि पाऊण तासानं कागदावर हे आलं:

रिकामी ती खाट
चष्मा उशापाशी
रोज बोले मशी
जुनंच ते

त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. साच्याचा उपयोग काय, हे मला तिथं दिसलं. अक्षरं मोजताना माणसाला दुःखात वाहून जाता येत नाही. मोघम शब्द बसत नाही, म्हणून नेमका शोधावा लागतो, आणि नेमका शब्द शोधायचा तर जे पाहायचं टाळत होतो त्याकडं नीट पाहावं लागतं. चार ओळी पुऱ्या झाल्या की थांबताही येतं. नुसत्या मनातल्या मनात आठवत बसलं तर थांबायची जागा नसते.

अभंगाबद्दल आणखी एक. तुकारामांच्या तरुणपणी, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला. त्या माणसाची गाथा वाचताना लक्षात येतं की त्यांनी देवापुढं शहाण्यासारखं गप्प बसायचं ठरवलं नाही. ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, स्वतःच्या मनाला दरडावतात, मग त्याच मनाची समजूतही घालतात. आम्ही मात्र आजारी माणसाच्या घरच्यांना लगेच सांगतो, 'असं बोलू नये, सकारात्मक राहा.' वॉर्डात हे वाक्य ऐकलं की मला त्या बाईची दया यायची जिला ते सांगितलं जात होतं. राग आलेल्याला राग लिहू द्यावा. देवावर असला तरी, आजारी नवऱ्यावर असला तरी. तो कागदावर आला म्हणजे सेवा कमी होते असं मी कधी पाहिलेलं नाही.

शरीराच्या दुखण्यावरही लिहिण्याचा परिणाम तपासून पाहिला गेला आहे. जोशुआ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच होती. चार महिन्यांनी, क्लेशाच्या अनुभवावर लिहिलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत डॉक्टरांना ठळक सुधारणा दिसली. किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांत २४ टक्के. हा आकडा वाचून हुरळून जायला होतं, म्हणून लगेच दुसराही सांगते. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला. लिहिण्याचा फायदा खरा निघाला, पण सरासरीनं लहान. काहींना बराच, काहींना थोडा, काहींना नाहीच.

आणि काहींना अपायही. ॲरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा यांच्या अभ्यासात नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले लोक होते. ज्यांना एकच गोष्ट घोळवत बसायची सवय होती ते भावनांबद्दल लिहून जास्त अडकले. रोजचा दिनक्रम साधेपणानं लिहिणाऱ्या त्यांच्यासारख्याच लोकांची अवस्था पुढं बरी निघाली. म्हणून माझी वही वाचताना मी एक खूण पाहते. तीच वाक्यं, त्याच क्रमानं, आठवडाभर येत असतील आणि 'कारण', 'म्हणून' कुठंच नसेल, तर ते लिहिणं थांबवून फिरायला जाणं, कुणाशी बोलणं बरं. एखाद्या विषयाजवळ जाताच जीव घाबरा होत असेल तर तो आज सोडून द्यावा, हे पेनेबेकरही सांगतात. घरात मृत्यू होऊन चार दिवस झालेत अशा माणसापुढं तर मी वही ठेवतच नाही. त्याला जेवण आणि सोबत हवी असते.

कविता हीसुद्धा काही कवचकुंडलं नव्हेत. मोठमोठे कवी निराशेच्या आजारानं गेले आहेत. झोप, भूक, कामातलं लक्ष आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आमच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून लावलेला आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना फार काही लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस, दार लावून, मोबाईल बाहेर ठेवून. शुद्धलेखन बघायचं नाही. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहायचं. पान कुणी वाचेल अशी धास्ती असेल तर लिहून फाडलं तरी चालतं, कारण जो उपयोग व्हायचा तो लिहितानाच होतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल तर भावनांचं लिखाण तेव्हा नको. उद्या काय काय करायचं आहे त्याची यादी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं अशी यादी करणारे, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपी गेले. औषधांच्या वेळा आणि तपासण्यांच्या तारखा डोक्यात घेऊन झोपणाऱ्या घरांत ही सवय फार कामाची आहे.

शेवटची गोष्ट माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांत आयसीयूमधल्या परिचारिका बेशुद्ध पेशंटसाठी रोजनिशी लिहितात. रिपोर्ट बुक वेगळं, ही वही वेगळी. साध्या भाषेत, पेशंटलाच उद्देशून: आज तुमची मुलगी आली होती, तिनं तुमचे केस विंचरले; आज नळी काढायचा प्रयत्न केला, तुम्ही खूप घाबरलात. नातेवाईकही त्यातच लिहितात. व्हेंटिलेटरवरून उठलेल्या माणसाच्या डोक्यात त्या दिवसांची पोकळी असते आणि तिच्यात भयानक भास भरलेले असतात. काय खरं घडलं होतं ते ही वही त्याला सांगते. सहा युरोपीय देशांतल्या ३५२ रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये आला. वही मिळालेल्यांत आघातानंतरचा मानसिक आजार नव्यानं ५ टक्क्यांना झाला, न मिळालेल्यांत १३ टक्क्यांना. पुढं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंमधल्या मोठ्या चाचणीत मात्र असा फरक आढळला नाही. वाद अजून संपलेला नाही. पण बाकड्यावर बसलेल्या आईला आपल्या लेकासाठी करण्यासारखं काहीतरी हातात मिळतं, एवढ्यासाठीसुद्धा मला ही पद्धत हवीशी वाटते.

आपल्या वॉर्डांत एका सिस्टरकडं किती पेशंट असतात ते मला माहीत आहे. तिनं आणखी एक वही लिहावी असं मी म्हणणार नाही. पण आयसीयूबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक टेबल, चार खुर्च्या, कोऱ्या वह्या आणि पेनं ठेवता येतील. शंभर पानी वही काही फार महाग नसते. वरच्या भिंतीवर एवढंच लिहावं: आत असलेल्या तुमच्या माणसाला जे सांगायचं आहे ते इथं लिहा, वही घरी न्या. समाजसेवा अधीक्षकांना, मेट्रनबाईंना, ट्रस्टच्या हॉस्पिटलांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे, एका वॉर्डाबाहेर महिनाभर हे करून पाहा. वह्यांचा खर्च निघत नसेल तर आमच्या शनिवारच्या मंडळींनी तो वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे.